विष्णुपंत पागनीस तुकारामांच्या आधी आणि नंतर

खारकर आळी:

नमस्कार. ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेत आषाढी एकादशीच्या संध्याकाळी प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ दाखवायचे ठरले आहे. चित्रपट सुरू होण्याआधी पाच मिनिटे, त्यात तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांविषयी बोलण्याचे काम माझ्याकडे आले असून त्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे.

हा विषय मीच सुचवला, त्यामागे एक कारण आहे. आमच्या देव्हाऱ्यात आजीच्या वेळेपासून तुकोबांची एक लहान तसबीर आहे. खारकर आळीतले जुने घर सोडले तेव्हा ती आजीच्या मांडीवर बसून नव्या घरी आली. काचेच्या खालच्या कडेला वर्षानुवर्षे लावलेल्या गंधाचा तांबूस थर बसला आहे, त्यामुळे वीणेचा भोपळा अर्धा झाकला गेला आहे. वर मात्र चेहरा स्वच्छ दिसतो. गेल्या महिन्यात तयारीसाठी चित्रपट पाहत असताना, तुकोबा डोळे मिटून गात आहेत अशा एका जागी मी तो थांबवला आणि तसाच उठून देव्हाऱ्यापाशी गेलो. ती तसबीर पागनिसांची आहे. आजी आयुष्यभर एका नटाला गंध लावत होती आणि आमच्यापैकी कोणालाही ते कळले नव्हते.

तेव्हापासून मनात प्रश्न आहे की ज्या माणसाचा चेहरा लोकांनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, त्याने पुढे नट म्हणून काय करायचे? मी लिहिलेल्या परिचयाचे पहिलेच वाक्य ‘एका भूमिकेने या कलावंताची संपूर्ण कारकीर्द गिळून टाकली’ असे आहे. ते लिहून झाल्यापासून मला ते खटकते आहे, पण का खटकते ते सांगता येत नाही. या भूमिकेच्या आधी ते काय करीत होते, नंतर त्यांना कोणती कामे मिळाली, आणि माझे वाक्य रास्त आहे का, यावर कृपया लिहावे.


तंबोरा (नौपाडा):

आपण देव्हाऱ्यातली जी गोष्ट लिहिली आहे, ती अनेक मराठी घरांत घडलेली आहे. चित्रपट आल्यानंतर पागनिसांच्या वेषातील छायाचित्रे तुकोबांची म्हणून पूजली जाऊ लागली आणि पुढे छापल्या गेलेल्या कितीतरी चित्रांवर त्याच चेहऱ्याची छाप राहिली.

आपले वाक्य मात्र मी बदलले असते, कारण त्यात ‘कारकीर्द’ १९३६ साली सुरू झाली असे गृहीत धरलेले आहे. पागनिसांचा जन्म १८९२ चा, बेळगावकडच्या चिकोडीचा. ते लहान वयात स्वदेश हितचिंतक नाटक मंडळीत गेले, आणि स्त्रीभूमिका करणारे गायक नट म्हणून त्यांचे नाव झाले. पुढे त्यांनी संगीत शिकवले, भजने गायली. म्हणजे प्रभातने त्यांना बोलावले तेव्हा ते चव्वेचाळिशीला आलेले, रंगभूमीचा एक पूर्ण जन्म जगून झालेले गृहस्थ होते. रूढ समजुतीप्रमाणे तुकोबांचा काळ १६०८ ते १६५० धरला, तर त्यांचे आयुष्य बेचाळीस वर्षांचे होते. भूमिका आणि नट यांचे वय इतके जवळ असणे हा योगच म्हटला पाहिजे.

त्यांच्या निवडीला प्रभातच्या आतूनच विरोध झाला होता. स्त्रीपार्टी नटाची चालण्याबोलण्यातली मार्दवाची सवय जात नाही, ती संताच्या भूमिकेत कशी चालेल, असा तो आक्षेप होता. त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १९३५ साली, प्रभातनेच ‘धर्मात्मा’मध्ये बालगंधर्वांना एकनाथांच्या भूमिकेत उभे केले होते. स्त्रीभूमिकांचा तो सम्राट पडद्यावरच्या संतात मावला नाही. हा अनुभव ताजा असताना विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल या दिग्दर्शकांनी पुन्हा एका स्त्रीपार्टी गायकावर भिस्त ठेवली, हे मला त्या दोघांच्या पारखेचे सर्वांत मोठे उदाहरण वाटते. ज्या मार्दवावर आक्षेप होता, तेच तुकोबांच्या अंगी शोभून दिसले. पागनिसांचे तुकोबा आवाज चढवत नाहीत, कोणी अंगावर आले तर मागेही सरत नाहीत, आणि अपमान झाला की त्यांच्या चेहऱ्यावर राग येण्याऐवजी समोरच्याविषयी काळजी उमटते.

गाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या श्रोत्यांना ते आधी सांगितले तर चित्रपट अधिक कळेल. सुरुवातीलाच पागनीस ‘पांडुरंग ध्यानी पांडुरंग मनी’ गातात. लगेच पुढे तुकोबांचा मत्सर करणारा सालोमालो तीच रचना आपली म्हणून देवळात लोकांसमोर गातो. शब्द तेच आहेत, पण सालोमालो ताना घेतो, हातवारे करतो आणि प्रत्येक जागेनंतर दाद मिळते की नाही ते पाहतो. पागनीस कोणाकडेच पाहत नाहीत. संगीत नाटकात नट प्रेक्षकांकडे तोंड करून गातो, वन्स मोअर मिळाला की कथानक थांबवून पुन्हा गातो. पागनिसांचे सारे तारुण्य याच रीतीत गेले होते. ती रीत चित्रपटात सालोमालोच्या वाट्याला दिली आहे आणि पागनिसांनी ती स्वतःपासून उतरवून ठेवली आहे. वीस-पंचवीस वर्षे हाताशी असलेली हुकमी दाद सोडून गाणे ही तपश्चर्या आहे, आणि मी स्वतः भजन गातो म्हणून ती किती अवघड आहे हे मला ठाऊक आहे.

केशवराव भोळे यांचे संगीत त्यासाठी फार विचाराने बांधलेले आहे. गीतकार शांताराम आठवल्यांचे ‘आधी बीज एकले’ तर असे उतरले आहे की जाणत्यांनीही ते तुकोबांच्या गाथेतले मानले. त्याचे श्रेय आठवल्यांचे खरेच, पण पागनिसांच्या गळ्यातून ते आले नसते तर हा समज इतका घट्ट बसला नसता असे माझे मत आहे.

नंतरच्या कामांविषयी आपण विचारले आहे. १९३९ साली त्यांनी रणजित मूव्हीटोनच्या ‘संत तुलसीदास’मध्ये तुलसीदास केले, १९४० साली विजय भट्ट यांच्या ‘नरसी भगत’मध्ये नरसी मेहता, आणि १९४३ च्या ‘महात्मा विदुर’मध्ये विदुर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. तुकारामांनंतर त्यांना जेमतेम सात वर्षे मिळाली आणि त्या सात वर्षांत ते सतत भक्तच राहिले.


खाडीपलीकडे (वाशी):

तंबोरा यांची माहिती मोलाची आहे, तरी मूळ प्रश्नकर्त्याच्या वाक्यात काही तथ्य आहे असे मला वाटते आणि ते सहज सोडून देऊ नये. तुलसीदास, नरसी, विदुर या तिन्ही भूमिका म्हणजे निर्मात्यांनी तुकारामांचीच पुन्हा केलेली मागणी होती. संत हवा असेल तेव्हा पागनिसांना बोलावायचे, आणि संत नको असेल तेव्हा त्यांची आठवणही होऊ द्यायची नाही, असा तो व्यवहार झाला. त्यांना एखादा लोभी सावकार, एखादा थकलेला शाळामास्तर कोणी दिला नाही. ते त्यांना जमले असते की नाही हे पाहण्याची संधी आपल्याला मिळाली नाही, ही हानी मी मानतो.

आपल्या ठाण्यातल्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या नटाचेही असेच झाले. डॉ. काशीनाथ घाणेकर यांचेही नाव घेतले की आधी ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या आठवतो. पण रंगभूमीवर भूमिका दुसरा नट पुढे घेऊन जातो, त्यामुळे संभाजी आणि लाल्या घाणेकरांच्या नंतरही जगले. पडद्यावरची भूमिका त्या एकाच देहाला कायमची बांधली जाते. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’मध्ये जितेंद्र जोशी यांनी फार मनापासून काम केले. त्यांचा तुकोबा दुष्काळाने पोळलेला, प्रश्न विचारणारा संसारी माणूस आहे, आणि तो मला आवडतो. तरी जोशी यांच्या चेहऱ्याची तसबीर कोणी देव्हाऱ्यात ठेवली नाही, कारण त्यांना आपण मालिकांतून, नाटकांतून, कवितांतून आधीच ओळखत होतो. चित्रपटाच्या प्रेक्षकाला पागनिसांचा दुसरा चेहरा माहीतच नव्हता. भूमिका आणि माणूस एक होण्यासाठी ही अनोळख फार उपयोगी पडली, आणि पुढे हीच त्यांच्या आड आली.


नेरूळची लेक:

वरचे दोन्ही प्रतिसाद वाचले. पाच मिनिटांत गौरींचे नाव घ्यायला विसरू नका, एवढी कळकळीची विनंती करण्यासाठी लिहीत आहे. या चित्रपटात एका भूमिकेने ओळखले गेलेले दोन कलावंत आहेत आणि आपण नेहमी एकाविषयीच बोलतो.

आवली ऊर्फ जिजाईची भूमिका करणाऱ्या गौरी या शिकलेल्या, नावाजलेल्या नटी नव्हत्या. त्या प्रभातमध्ये साध्या कामगार म्हणून आल्या आणि किरकोळ भूमिका करीत इथवर पोचल्या. त्यांच्या बोलण्यात नाटकी सूर औषधालाही सापडत नाही. मुलगा तापाने फणफणला आहे, नवरा भजनात दंग आहे, अशा वेळी ती मुलाला ओढत देवळात नेते आणि पायातली वहाण हातात घेऊन पांडुरंगाला जाब विचारते, तो प्रसंग कृपया लक्ष देऊन पाहा. तिचा हात वर गेलेला आहे, पदर सुटलेला आहे, आणि आवाजात देवाविषयी जराही भीती नाही. घरातल्या निष्काळजी माणसावर ओरडावे तशी ती देवावर ओरडते. माझी आई याच सुरात बोलत असे. घरात चार माणसांचे धान्य पुरवायचे आणि कमावत्या माणसाने ते वाटेत वाटून यायचे, हे ज्या बाईने सोसले आहे तिलाच हा सूर सापडतो.

पागनिसांचे तुकोबा इतके हळवे आणि अलिप्त आहेत की समोर आवली नसती तर ते हवेत विरून गेले असते. ती सारखी पिठाची, दुधाची, मुलांची गोष्ट काढते, आणि त्यामुळे त्यांच्या भक्तीची किंमत कोण मोजते आहे हे आपल्याला प्रत्येक क्षणी दिसत राहते. शेवटी पुष्पक विमान येते आणि ते तिलाही बरोबर बोलावतात, तेव्हा ती संसार टाकून जात नाही. लहानपणी मला तिची कीव येत असे. आता पन्नाशीत तो प्रसंग पाहताना मला तिच्या न जाण्यात तुकोबांच्या जाण्याइतकेच बळ दिसते, आणि हे बळ गौरींनी कोणत्याही अभिनयशाळेत न जाता दाखवले आहे.

म्हणून ‘गिळून टाकली’ हा शब्द मलाही नको वाटतो. गौरींना आयुष्यात अशी एकच भूमिका मिळाली. तेवढी एक तरी मिळाली म्हणून आज आपण त्यांच्याविषयी लिहितो आहोत.


तंबोरा (नौपाडा):

ताईंचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे आणि माझ्याकडून गौरींचा उल्लेख राहिला याची खंत वाटते.

खाडीपलीकडे यांच्या मुद्द्यावर एकच सांगतो. हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. इतक्या मोठ्या यशानंतर निर्मात्यांनी तेच पुन्हा मागणे स्वाभाविक होते. पण भजन गाणाऱ्या माणसाला तुलसीदास आणि नरसी मेहता यांची पदे गायला मिळणे ही शिक्षा वाटली असेल असे मी मानत नाही. आपण नटाच्या बाजूने हळहळतो, तेव्हा त्यांच्यातल्या गायकाला काय हवे होते हेही पाहिले पाहिजे.


खारकर आळी:

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाक्य खटकत होते त्याचे कारण आता कळले. मी पागनिसांना केवळ चित्रपटाचा नट मानून मोजत होतो. त्यांच्या आयुष्याची त्याआधीची चव्वेचाळीस वर्षे माझ्या हिशेबातच नव्हती. खाडीपलीकडे यांनी नोंदवलेली हानीही खरी आहे, म्हणून ती परिचयात एका वाक्यात सांगणार आहे. पहिले वाक्य मात्र काढून टाकले आहे. आता परिचयाची सुरुवात चिकोडीच्या, स्त्रीभूमिका करणाऱ्या गायक मुलापासून होईल, त्यानंतर सालोमालोचे गाणे कसे ऐकावे ते सांगेन, आणि शेवटची दीड-दोन मिनिटे गौरींसाठी ठेवली आहेत.

काल रात्री आईला सगळे वाचून दाखवले. तसबीर सभागृहात नेऊन सर्वांना दाखवावी असा माझा विचार होता. ती पागनिसांची आहे हे तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि ‘असू दे, पण एकादशीच्या दिवशी तुकोबांना देव्हाऱ्यातून हलवायचे नाही,’ असे सांगून गंधाची वाटी पुढे ओढली. त्यामुळे तसबिरीचा फोटो काढून तोच पडद्यावर दाखवणार आहे. काचेवरचा गंधाचा थर त्यात जसा आहे तसाच येऊ देईन.