साइड-बाय-साइड पलटी होते ती कोणामुळे?

रानवाट
अमेरिकेत मोआबच्या खडकांवर साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी आसनांची, रानवाटांवर चालवायची छोटी चारचाकी) भाड्याने घेऊन हिंडणारी आपली मंडळी काही कमी नाहीत. गाडी पलटी झाली की निकाल ठरलेला: "चालवणारा मस्ती करत असणार." मला नाही पटत. खडक ओलांडायचे म्हणून गाडी उंच, जंगलवाटेत मावायला हवी म्हणून अरुंद. मग वळणावर कलणार नाही तर काय?

यामाहा कंपनीच्या राइनो या साइड-बाय-साइडचंच घ्या. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2009 मध्ये राइनो 450 आणि 660 या मॉडेल्सवरचे 46 मृत्यू जाहीर केले. तपासलेल्या दोन-तृतीयांशाहून जास्त घटनांत गाडी उलटली होती. त्यातही बऱ्याच ठिकाणी जमीन सपाट, वेग बेताचा आणि गाडी वळणात. सपाट जमिनीवर कसली आली मस्ती?

गिअरवाला नाना
अर्धंच सांगितलंत. बऱ्याच जणांनी बेल्ट लावला नव्हता, हेही त्याच निवेदनात आहे. रोल केज (माणसांभोवतीचा मजबूत सांगाडा) डोकं वाचवतो, पण डोकं केजच्या आत राहिलं तर! दुचाकीवर वाढलेल्या आपल्या माणसांना तर गाडी कलली की पाय टेकवायची खोड. इथे तो पाय जवळजवळ अर्ध्या टनाच्या गाडीखाली जातो.

रानवाट
नाना, पाय आपसूक बाहेर जातो, कुणी ठरवून काढत नाही. म्हणूनच तर यामाहाने अर्धे दरवाजे आणि धरायला जादा हँडल बसवून दिली. शिवाय मागच्या चाकांना स्पेसर (चाकं बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) लावले, मागचा अँटी-स्वे बार (वळणात गाडीचं कलणं कमी करणारी दांडी) काढून टाकला. सगळी चूक चालकाची होती तर चाकांना हात कशाला लावला?

शुभदा_पुणे
त्या बारबद्दल थोडं. मागचा बार कडक असला की वळताना मागच्या चाकांची पकड लवकर सुटू शकते. मग स्टिअरिंग तेवढंच ठेवलं तरी वळण आवळत जातं. नवख्याला हे कळेपर्यंत गाडी आडवी झालेली असते. बेल्टचा मुद्दा मात्र नानांचाच खरा.

गिअरवाला नाना
चला, एक तरी मुद्दा माझा! पण दरवेळी सरकारने नियम करायचा का? 2014 मध्ये आयोगाने प्रस्ताव आणलाच होता: बेल्ट नसेल तर गाडी ताशी 15 मैलांच्या, म्हणजे साधारण 24 किलोमीटरच्या वर जाऊच नये. शेतावर दर फाटकाला उतरणाऱ्या माणसाने काय करायचं?

शुभदा_पुणे
फाटकापासून फाटकापर्यंत 24 च्या वर जातं कोण? त्या प्रस्तावात आडव्या स्थैर्याची (गाडी बाजूला न उलटण्याची) किमान पातळी आणि वळणातल्या वागणुकीची अटही होती, ती सोयीस्करपणे वगळलीत. कारखानदारांनी विरोध केला आणि गाडं ऐच्छिक मानकांवर येऊन थांबलं.

रानवाट
आणि भाड्याची गाडी घेणाऱ्याला ती मानकं कोण दाखवतो? एक व्हिडिओ, एक सही, ही घ्या किल्ली.

गिअरवाला नाना
सही करताना वाचायला कुणी मनाई केली होती का?