एससीओत नवा देश येतो तो नेमका कसा? (आणि अझरबैजान-आर्मेनिया दाराबाहेर का?)

नकाशावाला (धागाकर्ता)

शांघाय सहकार्य संघटना (पुढे नुसतं एससीओ) २००१ मध्ये चीन, रशिया आणि मध्य आशियातले चार अशा सहा देशांची होती, आता दहा झाले. पेपरात 'अमुक देशाला सदस्यत्व' एवढंच छापून येतं, त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत काय घडतं ते कुठे एकत्र सापडत नाही. जाणकारांकडून हे हवं आहे:

१. अर्ज कुणाकडे जातो, पुढे कसा सरकतो, किती वेळ लागतो?
२. पात्रतेच्या अटी लेखी आहेत का? असतील तर एकमेकांशी हाडवैर असलेले भारत-पाकिस्तान त्यात बसले कसे?
३. २०२५ च्या शिखर परिषदेत (चीनमधल्या तियानजिनला) अझरबैजान आणि आर्मेनिया दोघांचंही सदस्यत्व अडलं म्हणतात. कशावरून?
४. सदस्य झाल्याने मालाच्या ये-जा करण्यात काय फरक पडतो?

'हा सगळा चीनचा डाव आहे' या छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, त्यासाठी वेगळे धागे भरून वाहताहेत.

---

कलम तेरा

१ आणि २ घेतो.

मूळ आधार म्हणजे सनदेचं कलम १३. सनदेवर ७ जून २००२ ला सेंट पीटर्सबर्गला सह्या झाल्या, १९ सप्टेंबर २००३ पासून ती लागू आहे. कलमात म्हटलंय की सदस्यत्व 'या प्रदेशातल्या' इतर देशांना खुलं आहे. अर्ज परराष्ट्रमंत्री परिषदेच्या त्या वेळच्या अध्यक्षाकडे करायचा, परिषदेने शिफारस करायची, आणि निर्णय राष्ट्रप्रमुख परिषदेने घ्यायचा. एवढंच. 'प्रदेश' म्हणजे कुठून कुठपर्यंत, कुठली कागदपत्रं, किती मुदत, यातलं काहीही सनदेत नाही. त्यामुळे मंगोलिया २००४ ला आणि भारत, पाकिस्तान, इराण २००५ ला निरीक्षक (बैठकीला बसतात, पण निर्णयात हात नसतो) झाले आणि तिथेच बसून राहिले. पुढच्या दाराला कडीच बसवलेली नव्हती, तर उघडणार काय?

कडी बसली २०१० मध्ये ताश्कंदला. नव्या सदस्यांच्या प्रवेशाचे नियम तेव्हा मंजूर झाले. अटी थोडक्यात:

- देश युरेशियातला हवा
- सगळ्या सदस्य देशांशी राजनैतिक संबंध हवेत ('सगळ्या' या शब्दाखाली रेघ मारून ठेवा, प्रश्न ३ ला लागेल)
- आधी निरीक्षक किंवा संवाद भागीदार (निरीक्षकाच्या खालची पायरी) असायला हवा
- सदस्यांशी चालू व्यापारी आणि सांस्कृतिक व्यवहार हवा
- सुरक्षेच्या बाबतीत इतरत्र दिलेली वचनं एससीओच्या वचनांना छेद देणारी नकोत
- दुसऱ्या देशाशी सशस्त्र संघर्ष चालू नको
- संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचे निर्बंध नकोत

शेवटची अट वाचताना तारखा पाहा. सुरक्षा परिषदेने इराणवर ठराव १९२९ आणला ९ जून २०१० ला, आणि ताश्कंदची बैठक त्याच आठवड्यात होती. इराणचं घोडं तिथे अडलं. निर्बंध उठले १६ जानेवारी २०१६ ला, अणुकराराची अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा.

सप्टेंबर २०१४ ला दुशांबेत उरलेले दोन कागद आले: प्रवेशाची कार्यपद्धती आणि अर्जदाराच्या जबाबदाऱ्यांचा नमुना-मसुदा. तेव्हापासून गाडी अशी जाते: अर्ज, परराष्ट्रमंत्र्यांची शिफारस, राष्ट्रप्रमुखांचा 'प्रक्रिया सुरू करा' असा निर्णय, मग जबाबदाऱ्यांच्या मेमोरँडमवर सही, मग त्यात नोंदलेल्या करारांत एकेक करून सामील होणं, आणि शेवटी राष्ट्रप्रमुखांचा अंतिम निर्णय.

भारत: १० जुलै २०१५ (उफा) ला सुरुवात, २४ जून २०१६ (ताश्कंद) ला मेमोरँडम, ९ जून २०१७ (अस्ताना) ला सदस्य. म्हणजे २३ महिने. इराण: सप्टेंबर २०२१ ते ४ जुलै २०२३. बेलारूस: सप्टेंबर २०२२ ते ४ जुलै २०२४. दोन्हींना पावणेदोन वर्षांच्या वर थोडे दिवस. यापेक्षा लवकर होत नाही, कारण मधले करार तीसच्या आसपास आहेत आणि प्रत्येकासाठी अर्जदाराच्या देशात मंजुरी लागते. आपल्याकडे करार संसदेत मंजूर करून घ्यावा लागत नाही, केंद्रीय मंत्रिमंडळ पुरतं. जिथे संसद मध्ये येते तिथे वेळापत्रक तिच्या हातात जातं. त्या करारांतला वजनदार म्हणजे दहशतवाद, फुटीरतावाद आणि अतिरेकवाद यांविरुद्धचा १५ जून २००१ चा शांघाय करार. एका देशाने 'फुटीरतावादी' ठरवलेल्या माणसाबद्दल दुसऱ्याने माहिती द्यायची, मदत करायची, हे त्यातून येतं. सही करताना प्रत्येकाचा हात तिथे जरा थबकतो.

भारत-पाकिस्तान: राजनैतिक संबंध होते, दोघंही निरीक्षक होते, आणि 'सशस्त्र संघर्ष' याचा अर्थ उघड युद्ध असा धरला, सीमेवरची चकमक नाही. द्विपक्षीय भांडणं या टेबलावर आणायची नाहीत हा इथला जुना दंडक, तो दोघांनाही लागू. रशियाला भारत हवा होता, चीनला पाकिस्तान. दोघांना एकाच दिवशी आत घेतलं.

---

बाणावलीकर

वरचा प्रतिसाद चोख. एक छोटी भर आणि मग प्रश्न ३.

भर अशी की सनदेच्या कलम १६ प्रमाणे मतदान होतच नाही. कुणी हरकत घेतली नाही म्हणजे ठराव मंजूर. त्यामुळे 'भारताने विरोधात मत दिलं' ही भाषाच चुकीची. नुसती हरकत पुरते, कारण देण्याचीही सक्ती नाही, आणि बैठकीत प्रत्यक्ष काय झालं ते बाहेर येत नाही.

आता आर्मेनिया. अझरबैजानशी त्याचं जुनं वैर, आणि त्यात अझरबैजानची बाजू घेऊन पाकिस्तानने आर्मेनियाला देश म्हणून मान्यताच दिली नव्हती. २०१७ ला पाकिस्तान सदस्य झाला, त्या दिवसापासून 'सगळ्या सदस्यांशी राजनैतिक संबंध' ही अट आर्मेनियाला पुरी करता येणंच शक्य नव्हतं. पाकिस्तानला हरकत घ्यायचीही गरज नव्हती, नियमच त्याचं काम करत होता. दोघांनी संबंध जोडले ३१ ऑगस्ट २०२५ ला, तियानजिन परिषदेच्याच दिवशी. म्हणजे कागदावर आर्मेनिया आत्ता कुठे पात्र झाला.

अझरबैजानचं उलट. अटी पुऱ्या होतात, पण तिकडच्या माध्यमांनी उघड लिहिलं की भारताने अडवलं. कारणं शोधायला लांब जावं लागत नाही: मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात अझरबैजान पाकिस्तानच्या बाजूने उभा होता, आणि आर्मेनिया आपल्याकडून शस्त्रं घेतो, त्यात पिनाक रॉकेट यंत्रणाही आली. दोन अर्जदार, दोघांचे दोन पाठीराखे आतमध्ये. २०१७ सारखी जोडी लावून दोघांना एकदम घेतलं तरच हे सुटेल असं माझं मत.

म्हणूनच बाहेरचं वर्तुळ, म्हणजे भागीदार देशांचं, भराभर वाढलं. त्यात करार-बिरार नाहीत, एक मेमोरँडम सही केलं की झालं. मे २०२३ ला गोव्यात बाणावलीला परराष्ट्रमंत्र्यांची बैठक झाली, तिथे यूएई, कुवेत, मालदीव आणि म्यानमारच्या भागीदारीच्या कागदांवर सह्या झाल्या. आपल्याकडच्या बातम्यांत दोन दिवस फक्त पाकिस्तानचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री बिलावल भुट्टो होते, त्यामुळे ही गोष्ट कुणाच्या लक्षातही नसेल. तियानजिनला तर 'निरीक्षक' आणि 'संवाद भागीदार' असे दोन वर्ग मोडून 'एससीओ भागीदार' असा एकच केला आणि लाओसला त्यात घेतलं.

---

नकाशावाला

दोघांचेही आभार, भरपूर मिळालं. 'सगळ्या' खालची रेघ आता कळली!

उपप्रश्न: इराणवर सप्टेंबर २०२५ अखेर सुरक्षा परिषदेचे निर्बंध परत लागले. मग तो आता अटीत बसत नाही, त्याला काढतील का? आणि प्रश्न ४ अजून तसाच आहे.

---

कलम तेरा

नाही. २०१० च्या अटी प्रवेशाच्या आहेत, आत आल्यावर टिकून राहण्याच्या नाहीत. शिवाय ते निर्बंध परत लागले हेच रशिया आणि चीन मान्य करत नाहीत.

काढायचं तर परत कलम १३: सनदेचा किंवा एससीओतल्या करारांचा भंग व्हायला हवा. मग आधी परराष्ट्रमंत्र्यांच्या प्रस्तावावर राष्ट्रप्रमुख सदस्यत्व स्थगित करतात, तरीही भंग चालूच राहिला तर हकालपट्टी. या एका बाबतीत मतैक्यातून त्या देशाचं स्वतःचं मत वगळतात. बाकी सगळ्यांचं एकमत लागतंच, आणि प्रत्येक देशाचा आत एखादा तरी मित्र असतो.

---

कंटेनर नंबर

प्रश्न ४ माझ्याकडे.

जकातीत फरक शून्य. एससीओ मुक्त व्यापार क्षेत्र नाही. चीनने २००३ मध्येच तशी कल्पना मांडली होती, मध्य आशियातल्या देशांना स्वस्त चिनी मालाची धास्ती, रशियालाही नको होतं, ती तिथेच विरली. एससीओ विकास बँक चीनने २०१० मध्ये सुचवली, ती काढण्याचा राजकीय निर्णय व्हायला २०२५ चं तियानजिन उजाडलं. या वेगावरून अंदाज बांधा.

लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. जकात कमी होते ती युरेशियन आर्थिक संघात (रशिया, बेलारूस, कझाकस्तान, किर्गिझस्तान, आर्मेनिया). इराणचा त्या संघाशी मुक्त व्यापार करार १५ मे २०२५ पासून लागू आहे. भारताने त्यांच्याशी वाटाघाटींच्या अटींवर २० ऑगस्ट २०२५ ला मॉस्कोत सही केली. निर्यातदाराने लक्ष ठेवायचं ते तिकडे.

रस्त्याचंही तसंच. एससीओचा आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक सुलभतेचा २०१४ चा करार आहे, पण आपला ट्रक पाकिस्तानातून पलीकडे जाणार नसेल तर त्याचा उपयोग काय? आपला माल जातो तो इराणमार्गे. जून २०२२ ची चाचणी घ्या: सेंट पीटर्सबर्गहून लाकडी लॅमिनेटचे ४० फुटी दोन कंटेनर निघाले, एकूण ४१ टन माल, अस्त्राखानला जहाजात चढले, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या उत्तरेचं अंझाली बंदर, तिथून रस्त्याने दक्षिणेचं बंदर अब्बास, पुन्हा जहाज, आणि न्हावाशेवा. दोनदा जमीन, दोनदा पाणी, प्रत्येक जागी कंटेनर उचलून ठेवायचा. वेळ आणि पैसा तिथे जातो. हा सगळा मार्ग भारत-रशिया-इराण यांच्या सप्टेंबर २००० च्या उत्तर-दक्षिण मार्गिका कराराखाली येतो, त्यात एससीओचा एक कागदही लागत नाही.

सदस्याला खर्च मात्र असतो. भारत सदस्य झाला तेव्हा संघटनेच्या अंदाजपत्रकात त्याचा वाटा ५.९ टक्के होता.

---

बाणावलीकर

कंटेनर नंबर, जकातीबद्दल सहमत. पण 'कागदही लागत नाही' म्हणून सदस्यत्व निरुपयोगी असा कुणी अर्थ काढू नये. आत असण्याचा उपयोग मसुद्याच्या टेबलावर दिसतो.

कलम १६ मध्येच आणखी एक सोय आहे: एखाद्या मुद्द्यावर वेगळं मत नोंदवता येतं, आणि एखाद्या प्रकल्पात रस नसेल तर बाहेर राहता येतं, बाकीच्यांचं काम त्यामुळे थांबत नाही. चीनच्या 'बेल्ट अँड रोड' (रस्ते-रेल्वे-बंदरं बांधण्याच्या) योजनेवरचा परिच्छेद त्यामुळेच असा लिहितात की पाठिंबा देणाऱ्या देशांची एकेक नावं घ्यायची. त्या यादीत भारत नसतो, आणि घोषणापत्र तरीही सर्वांचंच राहतं. २०२३ ला अध्यक्ष आपण होतो, तेव्हाही असंच.

ही फट कुठे पुरत नाही ते जून २०२५ ला दिसलं. छिंगदावच्या संरक्षणमंत्र्यांच्या बैठकीत मसुद्यात पहलगामचा उल्लेख नव्हता. मजकुरात नसलेल्या गोष्टीबद्दल वेगळं मत नोंदवून काय मिळणार? राजनाथ सिंह यांनी सहीच केली नाही आणि संयुक्त निवेदन निघालंच नाही. १ सप्टेंबरच्या तियानजिन घोषणापत्रात पहलगामचा निषेध आला, त्याच परिच्छेदात पाकिस्तानातल्या जाफर एक्सप्रेस आणि खुजदारच्या हल्ल्यांचाही. दोन्हीकडचं एकेक घातलं तेव्हा कुठे मजकूर पुढे सरकला.

आणि हे सगळं रशियन आणि चिनीत चालतं, अधिकृत भाषा त्या दोनच. इंग्रजीला तिसरी भाषा करा अशी मागणी भारताने गोव्यात केली होती. आपल्या बाजूच्या लोकांना शब्दावर अडून बसायचं तर आधी भाषांतर हातात यावं लागतं, आणि तोवर समोरच्यांचा मूळ मजकूर वाचून झालेला असतो.

---

नकाशावाला

शेवटचं एकच, मग धागा मोकळा करतो: कुणाला स्वतःहून बाहेर पडायचं असेल तर?

---

कलम तेरा

तेही कलम १३ च. सनदेची मूळ प्रत ज्याच्याकडे ठेवलेली असते त्या देशाला, म्हणजे चीनला, किमान १२ महिने आधी लेखी कळवायचं. त्या काळात आणि आधीच्या करारांखाली पत्करलेली कामं मात्र पुरी होईपर्यंत अंगावर राहतात. आजवर तसं पत्र कुणी दिलेलं नाही.