सर्वनाम एकच असले तरी

तुर्की भाषेत 'तो' आणि 'ती' यांसाठी एकच सर्वनाम असूनही त्या समाजात स्त्री-पुरुष समता आलेली नाही, म्हणून भाषेचा लिंगभावाशी संबंध नाही, असा निष्कर्ष कोणी काढला, तर तो मला घाईचा वाटतो; कारण समता ही एक गोष्ट आहे आणि 'मी कोण' ही जाणीव दुसरी. १९८२ साली अलेक्झांडर गिओरा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, क्रियापदालाही लिंग लावणाऱ्या हिब्रू भाषेच्या वातावरणातील मुलांना आपण मुलगा की मुलगी हे, जिच्या व्याकरणात लिंगभेदच नाही अशी फिनिश भाषा बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर उमगत असल्याचे आढळले होते. उमगते सर्वांनाच, भाषा ते आधी आणि वारंवार विचारते, एवढाच तिचा वाटा, पण तो लहान नाही.

मराठीचेच पाहा. 'मी पुस्तक वाचले' किंवा 'मी उद्या जाईन' या वाक्यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळत नाही, पण 'मी दमलो' म्हणताच ते उघड होते, आणि मूल चुकले तर मोठी माणसे तिथल्या तिथे 'दमलो नाही, दमले म्हण' असे सुधारतात. ज्या व्यक्तीची स्वतःविषयीची जाणीव जन्मवेळच्या नोंदीशी जुळत नाही, तिला अशा प्रत्येक वाक्याआधी क्षणभर थांबावे लागते, आणि पुष्कळदा 'मला दमायला झाले' अशी आडवाट शोधावी लागते. हा ताण फिनिश बोलणाऱ्याच्या वाट्याला निदान व्याकरणातून तरी येत नाही.