अनुभव धागा: एकाच गेटात वन आरके ते थ्री बीएचके, आणि वर ‘ग्रीन बिल्डिंग’ची पाटी

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत (घोडबंदर रोड, मानपाड्याच्या पुढे) दीड तास एकाच विषयावर गेला. ओल्या कचऱ्याचं मशीन बंद पडलंय, दुरुस्तीचे पैसे कोणी भरायचे? ब्रोशरमध्ये त्या मशीनचा फोटो हिरव्या पानांच्या चौकटीत छापला होता, तेव्हा हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

म्हणून हा धागा. ठाणे-नवी मुंबईत अशा ‘पर्यावरणपूरक’ आणि सगळ्या उत्पन्नगटांची घरं असलेल्या इमारतींत राहत असाल तर रोजचं लिहा. बिलं, वास, भांडणं, झाडं, लिफ्ट, काहीही चालेल. बिल्डरचं नाव मात्र टाकू नका, उगाच नोटिसा यायच्या.

सुरुवात मीच करते. आम्ही म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीतून आलो, २० टक्के सर्वसमावेशक योजनेत. ४ हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावर बांधणाऱ्याला काही घरं कमी उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात, ती ही. आमची ई विंग सगळ्यात मागे. तिच्या शेजारी काय असेल, ओळखा. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट!

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात रात्री साडेदहा वाजले की कुजक्या अंड्यांसारखा वास सुरू व्हायचा. कमिटीकडे तक्रार केली की उत्तर ठरलेलं, “आम्हाला तर काही येत नाही.” येणार कसा? ए विंग पार गेटजवळ. शेवटी प्लँटवरच्या ऑपरेटरने चहा पिता पिता सांगून टाकलं. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवायचा तोंडी हुकूम होता. सांडपाणी खाणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, ती तोडली की ते गुदमरतात आणि सडवणारे दुसरे जिवाणू जोर धरतात. म्हणजे बचत सगळ्यांच्या बिलात आणि वास फक्त आमच्या खिडक्यांत. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी खजिनदारांना रात्री कॉफीला बोलावलं. पंखा बंद, खिडक्या सताड उघड्या. त्यांनी अर्धा कप तसाच ठेवला. दुसऱ्या रात्रीपासून ब्लोअर चालू.

नेरूळचा जुना रहिवासी

ताई, पैशांच्या प्रश्नाचं आधी बोलतो, कारण बहुतेकांचा इथेच घोळ होतो. तुमची सहकारी गृहनिर्माण संस्था असेल तर आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सगळ्या गाळ्यांना सारखं. वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, ऑफिसचा खर्च, सगळं वन आरकेला तेवढंच आणि थ्री बीएचकेलाही तेवढंच. पाणी नळांच्या संख्येवर. दुरुस्ती निधी मात्र घराच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, वर्षाला किमान पाऊण टक्का. आमच्या नवी मुंबईत सिडकोच्या जुन्या वसाहतींत बऱ्याच ठिकाणी सोसायटी नसून कंडोमिनियम आहे, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची ओनर्स असोसिएशन. तिथे सामाईक खर्च अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने. मोठं घर, मोठा वाटा. तेव्हा मशीनवर भांडण्याआधी कपाटातून नोंदणीचा कागद काढा.

बाकी ‘मिक्स्ड इन्कम’ म्हणाल तर आम्ही तो शब्द यायच्या आधीपासून राहतोय. मी बँकेत कारकून, समोर मंत्रालयातले शिपाई, पलीकडच्या इमारतीत एक डॉक्टर. ग्रीन म्हणावं असं यंत्र आमच्याकडे एकही नाही. तीन मजले, लिफ्ट नाही, दोन्ही बाजूंनी खिडक्या. शिपाईमामांनी लावलेला फणस आता दुसऱ्या मजल्यावरून हाताला येतो. पुनर्विकासाचा प्लॅन आलाय, उंच टॉवर, ग्रीन रेटिंगसकट. प्लॅनमध्ये फणसाच्या जागी रॅम्प आहे.

खारघर, गच्चीवाले

आमच्याकडे सोलर झकास चाललंय. लिफ्ट, पंप आणि पॅसेजचे दिवे त्यावर. २०२४ ला आलेल्या सूर्यघर योजनेत गृहसंकुलांना सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, त्याने बाकीचे सभासद तयार झाले. भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पॅनेलांनी गच्ची व्यापली, मग एप्रिलमध्ये कुरडया वाळवायच्या कुठे? छोट्या घरांना बाल्कनी नाही, त्यांची गच्ची तीच. मोठ्या घरांना टेरेस, त्यांना फरक पडत नव्हता. शेवटी पूर्वेकडच्या दोन ओळी कमी केल्या. आता कुरडया राखायला बसणाऱ्या आजीच पॅनेलवरची धूळही बघतात. “अरे, आज काचा मळल्यात बघ” असा फोन येतो, की पोरं सकाळी उन्हाआधी पाइप घेऊन वर.

हिरानंदानी मेडोजच्या अलीकडे

पाऊसपाणी संकलनावर मी थोडा कडू आहे. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पडला की शंभर लिटर. करा हिशेब. तरी मे महिन्यात गेटवर टँकर. म्हणून मागच्या जूनमध्ये मी आणि प्लंबरने शोषखड्ड्याचं झाकण उघडलं. आत तुटक्या टाइल्स, बदामाची पानं आणि गुटख्याच्या पुड्या. खालून काळा पाषाण, पाणी मुरणार तरी कुठे! भोगवटा प्रमाणपत्रापुरता खड्डा होता तो. आम्ही मुरवण्याचा नाद सोडला. पहिल्या दोन सरी वाहू देतो, नंतरचं पाणी खडी-वाळूच्या गाळणीतून टाकीत आणि तिथून फ्लशला. पावसाचे चार महिने बरे जातात. मे महिन्याचं दुखणं आहे तसंच.

येऊरच्या पायथ्याशी

एकच अनुभव. बाल्कनीतले सेंद्रिय टोमॅटो माकडांनी खाल्ले. हिरवेच. आणि देठ आमच्या वॉशिंग मशीनवर ओळीने ठेवून गेली.

कोपरखैरणेची लेक

नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदा. आम्ही एच विंगमध्ये राहतो आणि आई बी विंगमध्ये चार घरी कामाला जाते. एकाच गेटात. सकाळी नऊला तिला सर्व्हिस लिफ्टने जावं लागतं, कारण ‘हाउस हेल्प’. संध्याकाळी भिशीला त्याच मजल्यावर जाते तेव्हा मेन लिफ्ट, कारण ‘सभासद’. वॉचमनदादा बिचारे गोंधळतात, आई हसते. मला हसू येत नाही.

कचऱ्याचं सांगायचं तर २०१६ च्या नियमांपासून मोठ्या संकुलांना ओला कचरा होईल तेवढा आवारातच जिरवायचा असतो. आमच्याकडे पाट्या, रंगीत डबे, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ, सगळं झालं. प्रत्यक्षात बी विंगच्या त्या चार घरांचा कचरा वेगळा करते माझी आई. मॅडम सगळं एका पिशवीत टाकतात. आई सिंकपाशी वर्तमानपत्र पसरून दह्याचा डबा विसळून सुक्यात, चहाचा चोथा ओल्यात, कागदात न गुंडाळलेलं पॅड स्वतः गुंडाळून वर लाल ठिपका. एकदा फुटक्या ग्लासने तिचा अंगठा कापला, दोन टाके पडले. त्या वर्षी स्वच्छ विंगची ट्रॉफी बी विंगला मिळाली.

मी सभेत हे बोलले तेव्हा शांतता झाली. मग एक आजोबा म्हणाले, “मग त्यांनाच कचरा समितीत घ्या.” आई नको नको म्हणत होती, तरी गेली. तिचा पहिला नियम असा: काच असेल तर दारावर टकटक करून हातात द्यायची, पिशवीत नाही. आता तिच्या मोबाइलवर बी विंगमधून मेसेज येतात, “ताई, थर्माकोल कशात?” आधी ‘बाई’ लिहायचे. सर्व्हिस लिफ्ट अजून आहेच.

धागाकर्ती

लेकी, तुझ्या आईचा काचेचा नियम मी आमच्या ग्रुपवर टाकला, नाव न घेता. चालेल ना?

नेरूळकर काका, कागद काढला. आमची सहकारी संस्थाच निघाली. मशीनची दुरुस्ती सेवाशुल्कात की दुरुस्ती निधीतून, यावर काल परत खडाजंगी. ए विंगचे एक गृहस्थ म्हणाले, आमच्या घरी स्वयंपाकच कमी होतो, ओला कचरा तुमचाच जास्त. आमच्या काकूंनी विचारलं, मग ते रोजचे पार्सलचे डबे कोण उरलेल्या बिर्याणीसकट टाकतं? हशा झाला आणि ठराव पास झाला. या वेळचा खर्च दुरुस्ती निधीतून, रोजची वीज आणि माणूस सेवाशुल्कातून.

मेकॅनिक उद्या अकराला येतोय. त्या वेळी ए विंगमध्ये कोणी घरी नसतं, म्हणून मशीनच्या खोलीची चावी माझ्याकडे दिलीय.