सांधे जास्तच लवचिक आहेत, व्यायाम कसा करू?

कोथरूडकरीण
वय ३६. शाळेत असताना अंगठा वाकवून मनगटाला टेकवणं हा माझा हुकमी खेळ होता. पाहुणे आले की आई म्हणायची, "अगं, ते दाखव ना." आता त्याच अंगठ्याने लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवता येत नाही.

गेल्या महिन्यात पीएमपीत दांडा धरून उभी होते. स्वारगेटच्या अलीकडे ड्रायव्हरने कच्चकन ब्रेक मारला आणि उजवा खांदा सरकून पुढे आला, मग आपोआप जागेवर बसला. डॉक्टरांनी करंगळ्या, अंगठे, कोपरं, गुडघे तपासले, वाकून तळवे जमिनीला टेकवायला लावले. लवचिकतेचे नऊपैकी सात गुण. एक्स-रे नॉर्मल. "ताकद वाढवा" म्हणाले आणि पुढचा पेशंट.

म्हणून जिम लावली. ट्रेनर पहिल्याच दिवशी खूश, "मॅडम, काय फ्लेक्सिबिलिटी आहे!" मनसोक्त स्ट्रेचिंग झालं आणि दोन दिवस मी पलंगावर. घरच्यांना ही नाटकं वाटतात. टेकडीवर तरी जाऊ का?

पर्वतीपायथा
मी ५८ वर्षांची, जन्मभर हेच घेऊन फिरतेय, म्हणून अगं-तुगं करते. आधी ते ताणणं बंद कर. स्नायू आखडल्यासारखे वाटतात, म्हणून ताणावंसं वाटतं, पण ते बिचारे ढिला सांधा धरून धरून दमलेले असतात.

माझ्या फिजिओने पहिल्या दिवशी व्यायाम दिलाच नाही. आरशाला कूस करून उभं केलं. मला वाटत होतं मी ताठ उभी आहे, आरशात बघते तर गुडघे धनुष्यासारखे मागे गेलेले! तिने ते हाताने सरळ केले, तर मला वाटलं मी वाकून उभी आहे. सांधा नेमका कुठे आहे हे आपल्याला आतून नीट कळत नाही, गोची तिथे आहे. पहिले पंधरा दिवस पोळ्या लाटताना गुडघा किंचित सैल ठेवायचा, एवढाच माझा व्यायाम.

मग भिंतीला तळवा लावून, कोपर जरा वाकवून, १० सेकंद नुसतं दाबायचं. हालचाल नाही. पाठीवर झोपून कंबर उचलायची. खुर्चीवर बसताना धपकन नाही, चार आकडे मोजत. वजन म्हणशील तर अर्ध्या किलोवर मी तीन महिने होते. शेजारची मुलगी हसायची, हसू दे.

टेकडीवर खुशाल जा, पण उतरताना जप. पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी चढते भराभर, उतरते मात्र कठड्याला धरून. दमलं की गुडघा मागे जाऊन लॉक होतो आणि मग रात्रभर ठणकतो.

विटा_आणि_पट्टा
फक्त एक विनंती, लगेच योगासनांना नावं ठेवू नका. पुण्यात राहतो आपण! योगगुरू अय्यंगारांनी आसनांना आधार म्हणून पट्टे, दोऱ्या, लाकडी विटा वापरात आणल्या, त्याचा उपयोग तुमच्यासारख्यांनाच. आमच्या बाई लवचिक मुलींना दंडाला पट्टा बांधून कोपर मागे जाण्याआधीच थांबवतात. "तुला येतंय म्हणून जायचं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पर्वतीपायथा
बाई चांगल्या मिळाल्या तुम्हाला. मी एकीकडे कौतुक करवून घेत पश्चिमोत्तानासनात पडून राहिले आणि कंबर धरून घरी आले.

फिजिओ_शिवाजीनगर
वरचं बहुतेक बरोबर. थोडी भर. मोठ्या माणसांत, पन्नाशीपर्यंत, नऊपैकी पाच किंवा जास्त म्हणजे सांधे अतिलवचिक, पण त्या आकड्यावरून दुखणं किती ते ठरत नाही. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलंच असेल तर वजन, वेळ निम्म्यावर आणा, व्यायाम सोडू मात्र नका. उभं राहताच चक्कर आणि धडधड होत असेल, किंवा घरात कुणाला महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना सांगा. खांदा निखळून परत बसला नाही तर स्वतः ओढून बसवू नका. आणि तूर्तास बसमध्ये दांडा नको, सीटचा कोपरा धरा.

कोथरूडकरीण
आत्ताच आरशाला कूस करून उभी राहिले. गुडघे मागेच. नवऱ्याला बोलावून दाखवलं तर म्हणतो, "तू लग्नातल्या फोटोतही अशीच उभी आहेस." अल्बम काढला. खरंच की!