अभिजात चिनीतले नात्यांचे शब्द: कुठून सुरुवात करू?

मंडळी, अभिजात चिनी शिकते आहे. वाक्यरचना बरीच हाती आली, पण नात्यांच्या शब्दांपाशी घोडं अडतं. 'च्यू' एकीकडे मामा, दुसरीकडे सासरा, आणि राजा तर तो थेट मांडलिकाला लावतो! काय वाचावं?

प्रतिसाद १
आधी 'अर-या' उघडा. इ.स.पू. ३ऱ्या शतकाच्या सुमाराचा हा कोश. त्याच्या १९ प्रकरणांपैकी ४थं फक्त नात्यांचं आहे. चायनीज टेक्स्ट प्रोजेक्टच्या संकेतस्थळावर मूळ पाठ फुकट मिळतो.

तिथे आईचा भाऊ 'च्यू', वडिलांची बहीण 'कू'. आणि सून सासऱ्याला 'च्यू', सासूला 'कू' म्हणते. आपल्याकडच्या सुनाही मामंजी आणि आत्याबाई म्हणतच आल्या की! मामा-आत्याच्या घरात सून म्हणून जायची चाल असली की दोन्ही नाती एकाच माणसात येतात. प्राचीन चीनमध्येही तसंच असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. याच प्रकरणात आतेभाऊ, मामेभाऊ, बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा या चौघांना मिळून एकच शब्द आहे, 'शंग'. मला हा पुरावा सगळ्यात भक्कम वाटतो. फंग हान-यी यांचा चिनी नातेव्यवस्थेवरचा १९३७चा अभ्यास त्यानंतर घ्या.

प्रतिसाद २
मांडलिकाचं उत्तर 'च्वो-चुआन' या प्राचीन इतिहासग्रंथात आहे. चौ घराण्याचे राजे स्वकुळातल्या राज्यकर्त्यांना काका म्हणत, परकुळातल्यांना मामा. इ.स.पू. ६५१मध्ये ख्वै-छ्यूच्या सभेत राजाचा दूत छी राज्याचे राज्यकर्ते ह्वान यांना 'पो-च्यू', म्हणजे थोरले मामा म्हणतो. इ.स.पू. ६३२मध्ये चिन राज्याचे राज्यकर्ते वन मात्र 'शू-फू', धाकटे काका. संबोधन वाचलं की कुळ कळतं.

धागाकर्ती
वा, हे फार उपयोगी! आणि व्याकरणासाठी?

प्रतिसाद ३
प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शिअसचं 'लाओ वू लाओ' घ्या. पहिला 'लाओ' क्रियापद, वडीलधाऱ्यांना मान देणं; दुसरा नाम. 'वू' म्हणजे माझे, तो नामाला थेट चिकटतो. पण त्याच वाक्यात पुढे इतरांचे वडीलधारे येतात तेव्हा 'रन चि लाओ', मध्ये षष्ठीचा 'चि' येतो. कन्फ्यूशियसच्या संवादांतलं 'फू फू, त्झ त्झ'ही असंच: बापाने बापासारखं वागावं, मुलाने मुलासारखं.

मग 'अर-या'तलं हे वाक्य सोडवा: 'वै वो च्यू चअ, वू वै चि शंग ये'. मला जो मामा म्हणतो, त्याला मी भाचा म्हणतो; म्हणजे इथे 'शंग'चा अर्थ भाचा. इथला 'चि' षष्ठीचा नाही, 'त्याला' या अर्थाचा आहे.