मदत हवी आहे : खलीफा उमर यांनी खालिद यांना का हटवलं?

नमस्कार मंडळी. सध्या दुसरे खलीफा, म्हणजे पैगंबरांनंतरचे मुस्लिमांचे दुसरे प्रमुख, उमर इब्न अल-खत्ताब (कारकीर्द ६३४ ते ६४४) यांच्याबद्दल वाचतोय. माणूस विलक्षण वाटतो. आधी इस्लामचा कट्टर विरोधक, मग त्याचाच खंदा आधार. सीरिया, इराक, इजिप्त हाताखाली आले, तरी अंगावर ठिगळांचा झगा. ६३९च्या सुमाराला अरबस्तानात दुष्काळ पडला, तेव्हा लोकांना मिळेपर्यंत तूप खाणार नाही म्हणून हटून बसले, अशी परंपरेने आलेली कथा आहे. (हिजरी या इस्लामी सनाची गणनाही त्यांच्याच काळात ठरली, हे मला आत्ता कळलं!)

अडतंय ते एकाच ठिकाणी. खालिद इब्न अल-वलीद यांच्यासारखा कसलेला सेनापती, आणि उमर यांनी त्यांना पदावरून काढून अबू उबैदा यांना नेमलं. कुणी म्हणतं, खालिद पैसा सढळ हाताने वाटत होते म्हणून. कुणी म्हणतं, विजय देवामुळे नव्हे तर खालिदमुळे मिळतो असं लोकांना वाटू लागलं होतं म्हणून. जुना वैयक्तिक राग होता असंही वाचलं, पण ते मला पटत नाही.

अरबी किंवा उर्दू साधनं वाचणारं कुणी आहे का इथे? जुने इतिहासकार नेमकं काय सांगतात? मराठीत यावर काही चांगलं वाचलं असेल तर तेही सुचवा.